काडतुसाची कुळकथा

दिवाळी आणि दारूकाम यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. पेशव्यांच्या बखरीत यासंबंधी एक मजेदार हकिकत येते. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचे वर्णन करून सांगितले. तेथे म्हणे गावाबाहेर दारूची लंका रचीत, तीत रावण व राक्षस उभे करीत, आणि मग मारुतीच्या शेपटास आग लावून ती सारी लंका पेटवून देत. तरुण पेशव्यांस अर्थातच ते पाहण्याची हौस झाली. तेव्हा महादजींनी पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभी करविली, आणि श्रीमंतांनी सरदारांसह पर्वतीवरून ती जळताना पाहिली. महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. म्हणजे हा प्रकार त्या दीड-पावणेदोन वर्षांतला. आम्ही बिबवेवाडीकर राहतो ते या दोन स्थळांच्या मधोमध. एका हातास पर्वती, दुसऱ्या हातास वानवडी. त्यामुळे या गोष्टीवर आमचा थोडा शेजारधर्माचा हक्क आहे असे मी समजतो.

पण बखरीतली ही गोष्ट मी सांगतो आहे ती केवळ सणाची शोभा म्हणून नव्हे. जी दारू शोभेसाठी पर्वतीखाली जळाली, तीच दारू शिपायाच्या शिंगड्यात होती. ती कुटणारे हात तेच, सोरा, गंधक आणि कोळसाही तोच. एका हौशी धन्याने म्हणताच पंधरवड्यात लंका उभी राहते, याचा अर्थ ही विद्या गावात, पेठेत, माणसांच्या हातात होती. आज तशी ती नाही. बंदुकीचा एक बार भरणे हे एके काळी घरचे काम होते, ते घराबाहेर कसे गेले, कोणी नेले, आणि जगात काही ठिकाणी ते पुन्हा घरी कसे आले, ही कथा मला सांगावयाची आहे. ती दिसते तेवढी यंत्रांची नाही. ती बरीचशी सत्तेची आहे.

आधी शब्दांकडे पाहू. आमच्या मास्तरकीच्या धंद्यात ही खोड लागतेच. ‘दारू’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ औषध. चिनी लोक बंदुकीच्या दारूला जे नाव देतात त्याचा अर्थही ‘अग्नीचे औषध’ असाच आहे. औषध, स्फोटक आणि मद्य अशी तीन रूपे एकाच शब्दाने आपल्या भाषेत धारण केली आहेत. ‘तोफ’ तुर्कांकडून आली. ‘काडतूस’ मात्र समुद्रावरून आले. पोर्तुगीज ‘कार्तूश’चे ते मराठी रूप, आणि ‘पिस्तूल’ त्याचे गलबतावरले सोबती. परकी वस्तू परक्या नावाने येते, पण तिचे काम आपल्या अंगवळणी पडले की क्रियापदे घरची लागतात. म्हणून आपण बार ‘भरतो’, ‘ठासतो’, ‘उडवितो’. एखाद्याचे भाषण रंगले नाही की तो फुसका बार. पेटी सामानाने ठासून भरलेली. ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नाही त्या माणसांच्याही तोंडी हे शब्द आहेत. कारण त्यांच्या आज्या-पणज्यांच्या घरी ते काम होत असे.

ते काम कसे होत असे? तोड्याच्या बंदुकीला काडतूस नव्हते. बरकंदाज आपल्या शिंगड्यातून मापाने दारू नळीत ओती, वर गोळी सोडी, गजाने ठाशी, कानावर चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, टाकी आणि मग धुमसता तोडा तिच्यावर टेकवी. गोळी शिशाची, ती साच्यात ओतावयाची. शिसे ही धातू मोठी समंजस. घरच्या चुलीवरही वितळते, साच्यात पडली की क्षणात गोळीचा आकार घेते. प्रत्येक बंदुकीची नळी निराळ्या मापाची, म्हणून साचाही ज्याचा त्याचा. दुसऱ्याची गोळी आपल्या बंदुकीस लागेलच असे नाही. म्हणजे त्या काळी प्रत्येक बंदूकवाला हा आपल्यापुरता एक लहानसा कारखाना होता. धन्याने त्याला दारू आणि शिसे पुरविले, किंवा त्याने ते बाजारात घेतले, की बाकीचे त्याचे तो पाही.

या व्यवस्थेत धन्याला धास्ती असे ती साठ्याची. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणी दारूखान्यासंबंधी बारकाईने सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, वस्तीकडून वाऱ्याने ठिणगी येईल अशा जागी नसावा, दारू ओलीपासून राखावी, ठरल्या दिवसांनी ती बाहेर काढून उन्हे दाखवावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. अमात्यांना दारूचे दोन्ही स्वभाव ठाऊक होते. ती ओली झाली की दगा देते, आणि कोरडी राहिली की भीती घालते. ही भीती पोकळ नव्हती. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगडास वेढा घातला असता किल्ल्यावरील दारूकोठार उडाले आणि त्याबरोबर किल्लाही गेला. तटाला खिंडार पडण्यापूर्वी कोठारानेच गडाचा निकाल लावला.

पेशवाईत तोफगोळ्यांचे कारखाने होते. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत जुन्नर भागात आंबेगव्हाण येथे तोफगोळे होत. महादजींनी आग्ऱ्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या हाताखाली तोफा-बंदुका करविल्या. तोफखान्याचे काम पानशांकडे असे. पण गोळी ओतणे आणि बार भरणे हे काम मात्र शेवटपर्यंत शिपायाच्या हाताचेच राहिले. १८१७ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस खडकीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज कंपनीच्या पलटणींवर चालून गेली, जरीपटक्यापाशी मोरोपंत दीक्षित पडले, आणि बाजीराव पर्वतीवरून ते पाहत होता. पर्वतीने पंचवीस वर्षांच्या आत पाहिलेली ही दुसरी आग. पहिली शोभेची होती.

त्या लढाईत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन शिपायांत एक फरक होता. कंपनीच्या शिपायाच्या तोसदानात कागदी काडतुसे होती. मोजलेली दारू आणि गोळी एका कागदी सुरळीत बांधलेली. शिपायाने कागद दातांनी फाडावा, दारू नळीत ओतावी, गोळी आणि कागद वरून ठासावे. यात नवल वाटावे असे काही नाही. पण मापण्याचे काम शिपायाच्या हातून निघून कोठीत गेले ते येथे. माप ज्याच्या हातात, हुकूमही त्याचाच. शिपाई लवकर बार भरू लागला, हा त्यातला लाभ. त्या कागदात काय आहे हे त्याला कळेनासे झाले, हा तोटा.

तो तोटा किती मोठा होता ते १८५७ साली उघड झाले. नव्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला वंगण लाविलेले होते, आणि ते कशाचे आहे याविषयी कलकत्त्याजवळच्या दमदम येथे जानेवारीत कुजबूज सुरू झाली. पुढे मंगल पांडे, बराकपूर, मेरठ हा सारा इतिहास आपण मुलांना शिकवितोच. पण एक बारीक गोष्ट पुस्तकांत कडेला राहून जाते. कुजबूज वाढताच सरकारने परवानगी दिली होती की शिपायांनी वंगण आपले आपण, आपल्या पसंतीचे लावावे. नंतर काडतूस दातांऐवजी हातांनी फाडण्याचीही सोय केली. उपाय साधा होता: जे काम शिपायाच्या हातून काढून घेतले त्यातला थोडा भाग त्याला परत द्यावयाचा. पण तोवर विश्वास उडाला होता. बंदुकीचा बार फुसका गेला तर पुन्हा भरता येतो. विश्वासाचे तसे नसते.

बंड मोडल्यावर राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो उलट दिशेचा होता. एतद्देशीय तोफखाने, काही डोंगरी तोफखाने वगळता, मोडून टाकण्यात आले. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची असा प्रघात पडला. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती. आणि याच सुमारास काडतुसाचे रूपच पालटले. विलायतेत वूलिच येथील कर्नल बॉक्सर याने १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफलीसाठी पितळी काडतूस सिद्ध केले. आता कागद गेला, शिंगडा गेला, गजही गेला. पितळेच्या नळकांड्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी; सारे एकजीव. मागून घालावे, चाप ओढावा, रिकामे नळकांडे काढून फेकावे.

१८६९ साली खडकीस काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. ज्या गावाच्या माळावर मराठी राज्याची शेवटची मोठी सलामी झडली, त्याच गावी बावन्न वर्षांनी जेत्यांची काडतुसे होऊ लागली. पुढे येथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी अशी अक्षरे उमटत. जुन्या काडतुसांचे संग्राहक आजही त्या दोन अक्षरांवरून पुण्याचा माल ओळखतात. आमच्या गावाच्या नावात बिबवा आहे. धोबी बिबव्याच्या शाईने कपड्यावर खूण करी, ती धुतल्याने जात नसे. कारखान्याने पितळेवर केलेली खूणही तशीच, बार उडाल्यावरही मागे राहणारी.

पितळी काडतूस घरी का करता येईना, हे समजून घ्यावयाचे तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांची ती पितळ असते. चकतीची आधी वाटी करावयाची, मग ती साच्यातून पुनःपुन्हा ओढून लांबवीत न्यावयाची. पण धातू अशी ओढली की ती आवळते, कडक होते, आणि आणखी ओढली तर तडकते. म्हणून मधूनमधून ती तावून मऊ करावी लागते. हे ठोकणे आणि तावणे तांबटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. परंतु तांबटाचा हंडा केसभर कमीजास्त झाला तर पाणी सांडत नाही. काडतूस केसभर जाड झाले तर बंदुकीत बसत नाही, आणि सैल झाले तर फुटते. ती अचूकता वाफेवर चालणाऱ्या यंत्रांनाच साधली. त्यात टोपीतला मसाला घणाच्या नव्हे, बोटाच्या धक्क्यानेही पेट घेणारा. अशा रीतीने जे काम चुलीपाशी होत होते ते भोंग्याच्या तालावर, फाटकाच्या आत होऊ लागले.

नंतर कायदा आला. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार व दारूगोळा बाळगण्यास बंदी, आणि युरोपियनांना सूट. पुढल्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी पुण्याच्या आसपास बंड उभारले. लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते; सरकारची ताकद कोठे कशी साठविलेली आहे हे त्यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल. १८९७ च्या २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली ती खडकीच्या कारखान्यापासून फार दूर नव्हे. १९०९ साली नाशिकास अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनचा वध केला तेव्हा त्यांच्या हाती ब्राउनिंग पिस्तूल होते. तशी वीस पिस्तुले काडतुसांसह लंडनहून लपवून आणलेली होती. शिवकाळात बंडखोराला शिसे आणि सोरा मिळविला म्हणजे पुरे. विसाव्या शतकात त्याला समुद्रापलीकडून काडतूस आणावे लागले. कायद्याने जे साधले नसते ते पितळेने साधले होते.

याच कारखान्यांच्या आडोशाने आणखी एक प्रकरण घडले. १९४३ च्या जानेवारीच्या २४ तारखेस पुणे लष्करातील कॅपिटॉल चित्रपटगृहात, जे पुढे व्हिक्टरी म्हणून ओळखले जाऊ लागले, बाँबचा स्फोट झाला. त्या कटातले भास्कर कर्णिक हे लष्करी दारूगोळा खात्यातच नोकरीस होते. पकडले गेल्यावर तोंडून सोबत्यांची नावे निघू नयेत म्हणून फरासखान्यात त्यांनी विष घेऊन प्राण दिला. फाटकाच्या आत नेलेली विद्या आतल्याच माणसाच्या हाताने बाहेर आली, आणि तिची किंमत त्याने रोख मोजली. बेचाळीसच्या इतिहासात हे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके येत नाही.

आता थोडे परदेशी जाऊ. अमेरिकेत हा इतिहास नेमका उलटा घडला. तेथेही पितळी काडतूस आले, कारखाने आले. पण रानात फिरणारा शिकारी दुकानापासून शेकडो मैल दूर असे. रिकामे नळकांडे फेकून देणे त्याला परवडत नसे. पितळ हाच काडतुसाचा महागडा भाग. दारू, टोपी आणि गोळी हे खपावयाचे सामान. तेव्हा तो रिकामी नळकांडी जपून ठेवी आणि रात्री शेकोटीपाशी पुन्हा भरी. १८८४ साली जॉन बार्लो याने ‘आयडियल’ नावाचे एक पकडीसारखे हत्यार बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात काडतुसांची टंचाई झाली तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन याने वडिलांच्या धोबीखान्याच्या मागल्या खोलीत साचे करावयास आरंभ केला. १९४३ सालची ती गोष्ट. ‘आर सी बी एस’ या नावाने तो धंदा भरभराटला. १९५८ साली रिचर्ड ली याने हातोडीने चालणारी स्वस्त भरणी काढली. अशा रीतीने काडतूस भरणे हा तेथे लाखो घरांचा छंद होऊन बसला आहे, आणि मोटारीच्या खोलीत एका बाकावर त्याचे यंत्र ठोकलेले असते.

हे यंत्र काय करते? बार उडाला की आतल्या दाबाने नळकांडे फुगते आणि बंदुकीच्या नळीच्या आकाराचे होते. यंत्राला एक दांडा असतो. तो दाबला की नळकांडे पोलादी साच्यात शिरते, आवळून मूळ मापावर येते, आणि साच्यातली सुई जळकी टोपी बुडातून बाहेर ढकलते. मग नवी टोपी बसवावयाची, तोलून दारू घालावयाची आणि दुसऱ्या साच्याने गोळी तोंडाशी बसवावयाची. दिवाळीच्या दिवसांत लिहितो आहे म्हणून सांगतो, घरातला सोऱ्या ज्याने पाहिला त्याला हे यंत्र पाहिले नाही तरी चालेल. दाबणारा दांडा तोच. आत चकती कोणती घातली त्यावर शेव पडावयाची की चकली ते ठरते.

यंत्रे तीन जातींची. पहिल्यात एका वेळी एकच साचा बसतो: शंभर नळकांडी आधी आवळून घ्यावयाची, मग साचा बदलून पुढचे काम. दुसऱ्याच्या माथ्यावर फिरती तबकडी असते, तीत चारपाच साचे एकदम बसतात. तिसरे यंत्र दांड्याच्या एकेका दाबासरशी सारी कामे एकदम करते आणि दर दाबाला एक तयार काडतूस बाहेर टाकते. नवख्याने पहिले यंत्र घ्यावे असे तेथले जाणते सांगत आले आहेत, आणि त्याचे कारण पैसा नव्हे. एका वेळी एकच काम असले की डोळा त्यावर राहतो. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएल याने बिनधुराची दारू शोधल्यापासून बार लहान झाला. दारू इतकी थोडी लागते की एकाच नळकांड्यात चुकून दोनदा ओतली तरी ती मावते, आणि वरून काही कळत नाही. कळते ते बंदूक हातात फुटल्यावर. म्हणून यंत्रापेक्षा तराजू मोठा, आणि तराजूपेक्षा एकचित्तपणा. वेगाच्या यंत्राने एकदा चूक केली की ती वेगानेच करीत सुटते. चकली बिघडली तर घरच्यांचे चार शब्द ऐकावे लागतात; येथे बोटे जातात.

टोपीच्या बाबतीत इतिहासाने एक गंमत केली आहे. बॉक्सर इंग्रज, त्याच्या टोपीच्या पोटातच तिची ऐरण असते आणि नळकांड्याच्या बुडाला मधोमध एक भोक असते, त्यामुळे सुईने ती सहज निघते. बर्डन अमेरिकन, त्याच्या पद्धतीत ऐरण नळकांड्याच्याच बुडाची असते आणि भोके दोन, बाजूंना. ती टोपी काढणे हे मोठे जिकिरीचे काम. नियम असा असावयास हवा होता की इंग्रजाने बॉक्सर वापरावा आणि अमेरिकनाने बर्डन. झाले उलटे. अमेरिकेने इंग्रजाची सोपी टोपी घेतली, आणि ब्रिटिशांच्या लष्करी .३०३ काडतुसाने अमेरिकनाची अवघड. शिपायाने रिकामी नळकांडी पुन्हा भरावी अशी सरकारची अपेक्षाच नव्हती. तेव्हा बुडाला एक भोक की दोन, एवढ्या बाबीतही दोन देशांचा नागरिकाकडे पाहण्याचा डोळा दिसून येतो असे मला वाटते.

मग स्वराज्य आल्यावर आपण काय केले? १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना धरून हत्यार बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा असे म्हटले होते. लिटनच्या कायद्यावर गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही कडक टीका केली होती. परंतु घटनेत तो हक्क आला नाही. फाळणीच्या रक्तपातातून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाने तो घातला नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. १९५९ साली नवा हत्यार कायदा झाला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आहे. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवान्याचे तत्त्व राहिले. त्या कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या वाचण्याजोगी आहे. तीत काडतुसाचे सुटे भाग येतातच, पण ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे अमेरिकेत सोऱ्यासारखे विकत मिळणारे ते यंत्र आपल्याकडे स्वतःच दारूगोळ्यात जमा! परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा वरचे वर्णन वाचून कोणा उत्साही वाचकाने हात शिवशिवू देऊ नयेत.

या कडकपणाचा भुर्दंड काही प्रामाणिक माणसांनाही पडतो. नेमबाजाला हजारो बार उडवावे लागतात, आणि मोठ्या बोराच्या बंदुकीचे काडतूस स्वतः भरले तर स्वस्त पडते, शिवाय आपल्या बंदुकीच्या स्वभावाप्रमाणे बेतताही येते. परदेशी नेमबाज हा लाभ उठवितात. सुदैवाने ज्या प्रकारांत आमच्या मराठी मुलामुलींनी नाव काढले त्यांत हा प्रश्न येत नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली ज्यात जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ज्यात कांस्यपदक मिळविले, त्या पन्नास मीटर रायफलीचे काडतूस .२२ चे. त्यात टोपी निराळी नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, आणि एकदा ती कड चेपली की नळकांडे कायमचे मेले. जगातला श्रीमंतातला श्रीमंत नेमबाजही ते पुन्हा भरू शकत नाही. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले ते वैयक्तिक पदक अशा रीतीने बरोबरीच्या मैदानावरचे होते.

आणि घरी बार भरण्याची विद्या आपल्याकडून अगदीच गेली असेही नाही. कोकणात रानडुकरे आणि वानर यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्या आजही नळीतून दारू ओतून, गजाने ठासूनच भराव्या लागतात. अमात्यांच्या काळचा बरकंदाज येऊन उभा राहिला तर त्याला शिकविण्यासारखे त्यात फारसे काही नाही. शेताच्या कडेला माळ्यावर बसलेला तो शेतकरी हा या साऱ्या इतिहासाचा शेवटचा घरगुती दुवा आहे.

बाकीचे काम फाटकाच्या आत आहे. खडकीच्या जोडीला १९६० नंतर जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे काडतुसांचा कारखाना आला, भंडाऱ्यास स्फोटकांचा. २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून जुने मंडळ मोडून त्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, आणि दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे. पण नाव बदलले म्हणून दारूचा स्वभाव बदलत नाही. ३१ मे २०१६ च्या रात्री पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारास आग लागून ती विझविण्यास धावलेले जवान आणि अग्निशामक दलाची माणसे बळी पडली. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार ठार झाले. कोरीगडाच्या कोठारापासून भंडाऱ्यापर्यंत दोनशे सात वर्षे गेली. अमात्यांनी वस्तीपासून दूर म्हणून जी जागा सांगितली, तेथे आज आपण रोज सकाळी डबा घेतलेली माणसे पाठवितो. काम घराबाहेर नेले म्हणजे धोका नाहीसा झाला असे नव्हे. तो आपल्या घरातून उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवला, एवढेच. काडतूस घरी भरू न देणाऱ्या समाजाने या माणसांची आठवण तरी ठेवावी, हे त्याचे किमान देणे आहे.

घरोघरी बार भरले जावेत असे मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रांत गावठी कट्ट्यांच्या बातम्या वाचणारा कोणीही शहाणा माणूस ते म्हणणार नाही, आणि अमेरिकेच्या शाळांतून येणाऱ्या बातम्या वाचणारा शिक्षक तर मुळीच नाही. परंतु परकी सत्तेने लोकांच्या भीतीने केलेला कायदा आणि स्वतंत्र लोकांनी एकमेकांच्या काळजीने पाळलेला कायदा यांत फरक असावयास हवा. दोन्हींचे शब्द सारखे असू शकतील. पहिल्यात कारण सांगण्याची गरज नसते, दुसऱ्यात ती असते. १८५७ च्या शिपायाचे म्हणणे बंदूक आपल्या मालकीची करा असे नव्हते. आपण जे तोंडात धरतो त्यात काय आहे ते आपल्याला कळावे, एवढेच होते. तो प्रश्न काडतुसापुरता नव्हता, आणि तो जुनाही झालेला नाही.

शाळा-महाविद्यालयांतल्या एन. सी. सी. च्या मुलांना नेमबाजीच्या मैदानावर नेतात तेव्हा एक शिस्त पाळावी लागते. बार संपले की रिकामी नळकांडी गवतातून वेचून मोजून परत द्यावयाची. हिंदी हुकुमाच्या भाषेत त्यांना ‘खाली खोका’ म्हणतात, आणि एक जरी कमी भरला तरी सगळी पलटण ओणवी होऊन शोधीत बसते. मुलांना हे विचित्र वाटते. जे उडून गेले त्याचे टरफल कशाला मोजावयाचे, असे ती विचारतात. ज्या मास्तराला हा इतिहास ठाऊक आहे त्याने त्यांना सांगावे की, बाळांनो, टरफल रिकामे असते, पण हिशेब रिकामा नसतो.